दर्शनाची तोंडी परीक्षा

फेब्रुवारी लागला की आमच्या बाजूला वालाच्या शेंगा वाळून खडखडायला लागतात. मोहराचा उग्र गोड वास सकाळी रस्त्यावर पसरलेला असतो, दहा वाजले की ऊन तो पिऊन टाकतं. नागावच्या रस्त्याला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते ती शनिवार-रविवारी. बाकीचे दिवस तो रस्ता माझ्या स्कूटरचा आणि नारळाच्या झावळ्या वाहणाऱ्या टेम्पोंचा. आणि शाळांच्या व्हरांड्यांत या दिवसांत एकच आवाज भरलेला असतो. मुलं भिंतीकडे तोंड करून, खांबाला टेकून, पायऱ्यांवर बसून एकाच वेळी वेगवेगळं पुटपुटत असतात. दहावीच्या तोंडी परीक्षा आल्या.

मी विशेष शिक्षिका. एका शाळेची नाही. ज्यांना ऐकू येत नाही, कमी दिसतं, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना वाचताना अक्षरं जागेवर सापडत नाहीत, अशी मुलं ज्या ज्या हायस्कुलात आहेत तिथे मी जाते. नोकरी कराराची. वर्षाकाठी करार संपतो, एक दिवस मध्ये जातो आणि पुन्हा नवा करार होतो. तो एक दिवस मी कुणाचीच शिक्षिका नसते. त्या दिवशी मी म्हसळ्याला माहेरी जाते, आईच्या हातचं जेवते आणि वडिलांशी भांडते. वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचं एकच सांगणं असतं, "जे मागायचं ते लेखी माग. तारीख घाल, सही कर, पोच घे." मी म्हणते, अहो बाबा, प्रत्येक गोष्टीला अर्ज करत बसले तर शिकवू कधी? ते म्हणतात, आपल्या लोकांना कधी काही न मागता मिळालंय का?

काल एका शाळेत गेले होते. क्लार्कने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मॅडम, तुमच्या त्या मुलीचं टेन्शन नाही. तोंडीतून तिला सूट दिली आम्ही."

सूट. किती मायाळू शब्द आहे. सणासुदीला दुकानावर लावतात तसा.

"तिला विचारलंत का?" मी म्हटलं.

"काय विचारायचं?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. मी तिथल्या बाकावर बसले आणि मला तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी आठवला. दर्शनाचा.

दर्शना जन्मापासून बहिरी. उंच, काटक, जाड भुवयांची मुलगी. सातवीपर्यंत लांबच्या शहरात बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत होती. खुणांची भाषा तिला तिथे मिळाली, मैत्रिणी मिळाल्या, भांडणंही मिळाली. मग तिथलं वसतिगृह बंद झालं आणि ती गावी परतली. गावच्या हायस्कुलात आठवीत तिचं नाव घातलं. वडील बंदरावर ट्रेलर चालवतात, आठवड्यातून एकदा घरी येतात. घरात त्यांची खूण म्हणजे दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग फिरवणं. आई, भारतीताई, नागावच्या एका होमस्टेमध्ये कामाला. तिची खूण चादर झटकण्याची. दर्शना ती खूण इतक्या जोरात करायची की समोरच्याला धूळ उडाल्यासारखं वाटावं.

मी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा ती नववीच्या शेवटाला होती. त्या शाळेत मी तेव्हा नव्यानेच जायला लागले होते. वर्गशिक्षकांनी कौतुकाने तिची वही पुढे केली. "बघा अक्षर! अख्ख्या शाळेत असं अक्षर नाही. बिच्चारी. काही त्रास नाही हो तिचा." अक्षर खरंच सुंदर होतं. फळ्यावरचं सगळं, स्वल्पविरामासकट, वहीत उतरलेलं. मी एका वाक्यावर बोट ठेवलं: "वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात." आणि खुणेने विचारलं, याचा अर्थ काय?

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. या इमारतीत कुणाचे हात बोलताना ती पहिल्यांदाच पाहत होती. मग खांदे उडवले. मी पान उलटलं, दुसरं वाक्य दाखवलं. पुन्हा खांदे. दोन वर्षं त्या मुलीने रांगोळीचे ठिपके जोडावेत तसा सगळा अभ्यासक्रम उतरवून काढला होता आणि त्यातलं अक्षर अन् अक्षर तिला परकं होतं. दोन वर्षं तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्रास नव्हता ना तिचा.

दहावीच्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी भारतीताईंना बोलावलं. मीही गेले. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. दारातल्या निळ्या पाटीवर दर वर्षी दहावीचा निकाल रंगवला जायचा आणि लागोपाठ काही वर्षं तो शंभर टक्के होता. निकाल उतरला की पालक मुलं अलिबागला घालतात, पट कमी होतो, तुकडी जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतात. ही भीती त्यांच्या टेबलावर पेपरवेटसारखी कायम असायची. ते सौम्यपणे म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीच्या भल्यासाठीच सांगतो. सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसू दे तिला. घरी आरामात अभ्यास करील, शाळेत यायची दगदग नाही. सावकाश, दोन वर्षांनी बसली तरी चालेल."

भारतीताई कामावरून तशाच आल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भायेरून म्हंजे?"

"म्हणजे शाळेचं नाव लागणार नाही. खाजगी विद्यार्थी म्हणून."

"सर, पोरगी माझी दोन वर्षं तुमच्या शालंत येते. ऊन न्हाय, पाऊस न्हाय, एक दिस चुकली न्हाय. ती काय भायेरची हाय?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मी समजावून सांगीन या आशेने. मी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. तिच्यात शासनाचे आदेश होते, बोर्डाच्या सवलतींची यादी होती, आणि भारतीताईंचा अर्ज होता. मी सांगितलेला, त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेला. "माझी मुलगी शाळेतूनच परीक्षा देईल." मी म्हटलं, "सर, पोच द्या."

त्यांनी पोच दिली. आणि पंधरा दिवसांनी मला तालुक्याच्या कार्यालयात बोलावणं आलं. साहेब चहा घेत होते. "मॅडम, तुमचं काम शाळांना भेटी द्यायचं. भांडणं लावायचं नाही. करार वर्षाचा असतो, लक्षात आहे ना?" मी म्हटलं, लक्षात आहे. बाहेर आले. स्कूटरची किल्ली लागेना. मला राग येण्याआधी भीती वाटली, हे मी अजून विसरलेले नाही. राग नंतर आला, घरी भाकरी थापताना. पहिली भाकरी परातीतच फाटली.

ते वर्ष मी दर्शनाच्या शाळेत आठवड्यातून दोनदा जायचे. नेमून दिलेल्या भेटींपेक्षा जास्त. बाकीच्या शाळांनी बोल लावले, तेही खरंच होते. मला एकच शरीर होतं. आम्ही नववीचं पुस्तक पुन्हा काढलं, मग आठवीचं. शब्द एकेक करून वहीतून उठवायचा आणि त्याला काहीतरी दाखवायचं. बाष्पीभवन शिकायला मिठागराच्या बांधावर गेलो. 'लोकशाही' हा शब्द शिकायला ग्रामसभेला गेलो. तिथे इतकी आरडाओरड झाली की सगळ्यांचे चेहरे पाहून तिने विचारलं, ही खूण भांडणाची आहे का?

विज्ञानाच्या सरांना ओठांवरून उतरणाऱ्या झुपकेदार मिशा होत्या. ते फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. मी विनंती केली की आधी लिहा, मग वर्गाकडे वळून बोला. तिला ओठांवरून थोडंफार कळतं. ते म्हणाले, "चाळीस पोरांकडे बघू की हिच्याकडे?" तरी एक दिवस वळून बोलले. दर्शनाने हात वर केला आणि मला खुणेने काहीतरी सांगितलं. मी हसू दाबलं.

"काय म्हणते?"

"सर, ती म्हणते, तुमच्या मिशाच बोलताहेत. तुम्ही दिसतच नाही."

अख्खा वर्ग फिसकला. सर लालबुंद झाले. पुढच्या सोमवारी ते आले तेव्हा वरचा ओठ पुरता दिसत होता. दर्शनाने फक्त अंगठा वर केला आणि सरांनी पटकन खडू उचलला.

खुणा मात्र वर्गात वणव्यासारख्या पसरल्या. बाकाशेजारच्या मुलींनी आधी उचलल्या, मग मुलांनी. आवाज न करता तासाला गप्पा मारता येतात हे एकदा कळल्यावर कोण थांबतंय! पुढे गणिताच्या चाचणीत मागच्या तीन बाकांवर सगळी उत्तरं सारखीच आली. पर्यवेक्षक शपथेवर सांगत होते की वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मला शिक्षकखोलीत बोलावून जाब विचारला गेला. मी गंभीर चेहऱ्याने माफी मागितली. आतून मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी पाणी प्यायला बाहेर गेले.

मग फेब्रुवारी आला. तोंडी परीक्षेची यादी सूचनाफलकावर लागली. प्रत्येक नावापुढे दिवस आणि वेळ. दर्शनाच्या नावापुढे आडवी रेघ आणि कंसात 'सूट'.

तिने मला हाताला धरून फलकाजवळ नेलं आणि रेघेवर बोट ठेवलं. मी समजावलं: तुला द्यायची गरज नाही. शाळा तुला गुण देणार आहे. चांगले देणार आहे.

का?

तोंडी आहे ना. बोलायचं असतं.

मी बोलते, ती म्हणाली. तिचे हात छातीजवळ आपटले.

आता कबूल करायला हवं. मी तिला म्हटलं, घेऊन टाक. लेखीला अजून महिना आहे, विज्ञान कच्चं आहे, तिकडे लक्ष दे. मी दमले होते. वर्षभर त्या शाळेशी झटापट करून माझ्याकडे आणखी एका अर्जाची ताकद उरली नव्हती. मिळतंय ते सुखाने घ्यावं असं मला, मला, वाटलं.

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की तुमच्यासाठी सगळे दरवाजे बंद. मी तिच्या खांद्याला हात लावला, तो तिने झटकला. मी तशीच उभी. व्हरांड्यात मुलं पुटपुटत होती आणि मी एक अक्षर बोलू शकत नव्हते. मग ती डोळे उघडून वर्गात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात वहीचा कागद ठेवला. तेच सुंदर अक्षर. पण हे कुठल्याच फळ्यावरून उतरवलेलं नव्हतं.

"मुख्याध्यापक सर. मी तोंडी परीक्षा देणार. गुण फुकट नको. सूट नको. मी आजारी नाही. मी हजर."

खाली तारीख, सही. व्याकरण दुरुस्त करायला माझं पेन आपोआप कागदाकडे गेलं. मी टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये टाकलं. कागद तसाच नेऊन दिला आणि पोच घेतली.

परीक्षा मराठीच्या सावंत बाई घेत होत्या. निवृत्तीला आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, मुलांना ज्यांचा धाक वाटायचा अशा बाई. टेबलावर पितळी वाटीत विषयांच्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी उचलायची, थोडा विचार करायचा आणि त्या विषयावर बोलायचं, मग बाई दोन प्रश्न विचारणार. दर्शना आत आली. तिने खुणांनी बोलायचं आणि मी ते मराठीत सांगायचं असं शाळेशी ठरलं होतं, माझ्या पदरचं काही न घालता. तिने चिठ्ठी उचलली, वाचली आणि माझ्याकडे दिली.

'ध्वनिप्रदूषण : एक समस्या.'

सावंत बाईंचा चेहरा पडला. "अरे देवा. राहू दे, राहू दे. दुसरी उचल म्हणावं."

मी सांगितलं. दर्शनाने चिठ्ठी मुठीत घट्ट धरली आणि मान हलवली. हीच.

मग ती बोलायला लागली. मी मागून शब्द लावत होते आणि मध्येच माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

"आमच्या आळीत हळद असली की डीजे लावतात. मला तो पायांना कळतो. जमीन दचकते. मग पोटाला कळतो. फळीवरचे पेले चालत चालत कडेला येतात, मी ते मागे सारते. कोंबड्या माळ्यावर चढतात. आजोबा कानांवर हात ठेवून बसतात, त्यांच्या कपाळावरची शीर दिसते. शेजारचं बाळ रडतं, त्याचं तोंड उघडं असतं पण त्याच्या आईला पाठ फिरवल्यावर कळत नाही. मी जाऊन तिला सांगते. सगळी माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेतात, ओरडतात, तरी त्यांना समजत नाही. जेवण वाढणारा विचारतो भात, माणूस डोकं हलवतो, त्याला पुरी मिळते. त्या दिवशी अख्खं गाव बहिरं असतं. फक्त मी आणि आई मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात बोलतो. आई विचारते, जेवलीस का? मी म्हणते, गुलाबजाम संपले. त्या दिवशी लोकांना माझी भाषा हवी असते. पण ते ती शिकलेले नाहीत."

ती थांबली. सावंत बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दारात मुख्याध्यापक येऊन उभे होते, कधीपासून ते मला माहीत नाही.

बाईंनी प्रश्न विचारला. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून. "मग यावर उपाय काय, दर्शना?"

"आवाज कमी करा," दर्शना म्हणाली. "आणि हात शिका."

मुख्याध्यापक जरा खाकरले. "छान झालं. पण बाई, नियमाने बघितलं तर... हे तोंडी कुठं झालं? हे तर हाताने झालं."

सावंत बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "सर, सकाळपासून अठ्ठावीस जण येऊन गेले. सगळ्यांनी गाइड घोकून ओकलं. आज या खोलीत स्वतःचं बोललेली ही पहिलीच." आणि त्यांनी तक्त्यावर गुण लिहिले. किती ते मला दाखवले नाहीत, मीही विचारले नाहीत. बाहेर आल्यावर दर्शना व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसले.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

निकाल लागला. दर्शना विज्ञानात राहिली. सवलतीचे गुण मिळवूनही राहिली. दोन वर्षांची भरपाई एका वर्षात होत नाही, हे गणित बोर्डाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. निळ्या पाटीवरचे शंभर गेले. मुख्याध्यापक मला म्हणाले, "झालं समाधान, मॅडम?" त्यांच्या आवाजात राग कमी होता, थकवा जास्त. मी म्हटलं, "सर, शाळेची एक मुलगी नापास झाली. शाळेतल्या मुली नापास होतात कधीकधी. बाहेरची असती तर तुम्हाला कळलंही नसतं." माझा करार त्या वर्षी चाळीस दिवस अडकला. त्या दिवसांतही मी दर्शनाच्या घरी जायचे. कुणाचीच शिक्षिका नसताना शिकवायला कुणाची मनाई नव्हती. विज्ञानाचे सरही दोनदा आले, ओठ दिसत होते. भारतीताई होमस्टेवरून आल्या की दारात बसून आमचे हात बघत राहायच्या आणि मधूनच एखादी नवी खूण आपल्याशीच करून बघायच्या.

पुरवणी परीक्षा तिने पावसात दिली. पास झाली. काठावर.

पंधरा ऑगस्टला गावातल्या मंडळाने गुणवंतांचा सत्कार ठेवला. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांचे मोठे चेहरे, खाली मुलांचे छोटे. दर्शनाचा फोटो मधोमध, वेगळ्या गोलात, आणि त्याखाली लाल अक्षरं: "मूकबधिर असूनही दहावी उत्तीर्ण! कु. दर्शना हिचे हार्दिक अभिनंदन."

ती फ्लेक्ससमोर उभी राहिली आणि वाचायला लागली. आता ती वाचायची, उतरवायची नाही. 'असूनही'वर तिचं बोट थांबलं. हा शब्द आम्ही कधी केला नव्हता.

मला तो खुणेत सांगायला वेळ लागला. बहिरी, मी म्हटलं. मग हाताने एक भिंत उभी केली. मग भिंतीवरून पलीकडे, पास. लोकांना वाटलं होतं जमणार नाही, तरी जमलं, असं.

लोकांना वाटलं होतं? तिने विचारलं.

हो.

ते लोकांचं. माझ्या नावाजवळ का लिहिलं?

मंडळाचा अध्यक्ष, हातात माइक घेतलेला तरणा माणूस, लगबगीने आला. "काय झालं मॅडम? नाव चुकलं का?"

"नाव बरोबर आहे. एक शब्द तिला नको आहे."

"आता कसं बदलणार? छापून झालं. पाहुणे यायची वेळ झाली." तो हसला. "चांगल्याच भावनेने लिहिलंय हो."

दर्शना तोवर शाळेच्या कार्यालयात गेली होती. विजेच्या वायरींना गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी घेऊन आली आणि एक बाक ओढत आणला. बाक सिमेंटवर घासल्याचा आवाज सगळ्या मैदानाला झाला, तिला सोडून. रांगेत उभी असलेली मुलं वळून बघायला लागली. ती बाकावर चढली. 'असूनही'वर तिने पट्टी लावली, दाताने तोडली, अंगठ्याने दाबून घट्ट केली. मग थोडं मागे होऊन पाहिलं. पुन्हा पुढे झाली आणि 'मूक'वर दुसरी पट्टी लावली. 'बधिर' तिने ठेवलं. त्यावरून एकदा हात फिरवला, धूळ पुसावी तसा.

अध्यक्षाने मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते फाटकाशी पाहुण्यांची वाट बघत उभे होते. त्यांनी फ्लेक्स वाचला, बाकावरच्या मुलीकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ते पुढे आले आणि दोन्ही हातांनी बाक धरला, ती उतरताना हलू नये म्हणून.